आल्कोबासा मठातली राजथडगी: जाण्याआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

लिस्बनची तिकिटं काढली की ओळखीतली मंडळी मला फोन करतात, आणि मी लिस्बन सोडून आल्कोबासाबद्दलच सांगत बसते. दोनदा जाऊन आले आहे. पहिल्यांदा पाऊण तासात उरकलं. दुसऱ्या खेपेला त्याच दोन थडग्यांभोवती अडीच तास गेले, तरी बसची वेळ झाली म्हणूनच निघाले. तीच तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसायला लागला, म्हणून एकदाची लिहून काढते.

आल्कोबासा आहे कुठे, आणि तिथे आहे काय?

लिस्बनच्या उत्तरेला साधारण १२० किलोमीटरवर एक लहानसं गाव आहे. गावाच्या मधोमध, गावाच्या मानाने फारच मोठा असा सांता मारिया मठ. पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो हेन्रीकेश याने ११४७ मध्ये मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून, सांतारेंचा किल्ला जिंकला. तेव्हा केलेला नवस फेडायला त्याने सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांना ही जमीन दिली, असं मठाची परंपरा सांगते. मठाची स्थापना ११५३ ची, दगडी बांधकामाला सुरुवात ११७८ ची आणि चर्चचं अर्पण १२५२ चं. पोर्तुगालमधलं गॉथिक शैलीचं हे पहिलं मोठं चर्च. १९८९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

लोक येतात ते मात्र चर्चमधल्या दोन थडग्यांसाठी. एक राजा पेद्रो पहिला याचं आणि दुसरं इनेश द काश्त्रोचं.

सुट्टीत थडगी कसली बघायची? घरातली मोठी माणसं नाक मुरडतात.

आमच्याकडेही मुरडलं होतं. सासूबाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं, "हॉटेलवर आल्यावर आंघोळ करायची का गं?" मी म्हटलं, रायगडावर महाराजांच्या समाधीपुढे उभं राहून आलो तेव्हा केली होती का? तेवढ्यावर त्या आल्या.

डोळ्यांपुढे आपली कब्रस्तानं किंवा स्मशानं आणू नका. चर्चच्या मोकळ्या, उजेडाच्या जागेत पेद्रोची पांढुरक्या चुनखडीची दगडी पेटी सिंहांच्या पाठीवर ठेवलेली आहे. पेटीच्या झाकणावर राजा पूर्ण पोशाखात आडवा झोपलेला, चहूबाजूंना बोटाएवढ्या माणसांची गर्दी कोरलेली. आपल्याकडच्या जुन्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरचे शिल्पपट जसे फिरत फिरत वाचायचे असतात, तसंच हेही. सासूबाई सगळ्यात जास्त वेळ रेंगाळल्या त्या पेद्रोच्या पायाशी बसलेल्या दगडी कुत्र्याजवळ.

पेद्रो आणि इनेशची गोष्ट थोडक्यात सांगाल?

थोडक्यात सांगितली तर हिंदी सिनेमा वाटते, म्हणून जरा सावकाश सांगते.

राजा आफोन्सो चौथा याचा मुलगा पेद्रो. त्याचं लग्न कॉन्स्टान्सा नावाच्या, शेजारच्या कास्तील राज्यातल्या सरदारकन्येशी ठरवून झालं. नवरीबरोबर ज्या मानकरणी आल्या त्यांत गॅलिसियाच्या काश्त्रो घराण्यातली इनेश होती. पेद्रोचा जीव तिच्यावर जडला. कॉन्स्टान्सा वारली, मागे फर्नांदो नावाचा वारस ठेवून. मग पेद्रो इनेशबरोबर उघडपणे राहू लागला, त्यांना मुलं झाली, आणि बापाने दुसरं लग्न कर म्हटलं तरी ऐकेना.

दरबाराला खुपत होतं ते प्रेम नव्हे. इनेशचे भाऊ कास्तीलच्या राजकारणात बुडालेले, आणि पेद्रोही त्यांच्या नादाने त्यात ओढला जाईल ही एक धास्ती. उद्या फर्नांदोला बाजूला सारून इनेशची मुलं गादीवर येतील ही दुसरी. ७ जानेवारी १३५५ रोजी, पेद्रो घरी नसताना, राजाच्या माणसांनी कोइंब्रात इनेशला ठार मारलं. पेद्रोने बापाविरुद्ध शस्त्र उपसलं. पुढे समेट झाला, पण मनातून काही गेलं नाही.

१३५७ मध्ये बाप वारला आणि पेद्रो राजा झाला. मारेकरी कास्तीलला पळाले होते. तिथल्या राजाशी पेद्रोने सौदा केला: तुझे फरारी माझ्याकडे आहेत, माझे तुझ्याकडे, बदलून घेऊ. पेरो कोएल्यो आणि आल्वारो गोन्साल्वेश हाती लागले. त्यांची काळजं उपटून काढली, एकाचं छातीतून आणि दुसऱ्याचं पाठीतून, असं जुनी बखर सांगते. तिसरा, दियोगो लोपेश पाशेको, निसटला. म्हणूनच इतिहासात या राजाला दोन पदव्या आहेत, "न्यायी" आणि "क्रूर". तुम्ही कुणाशी बोलता त्यावर कोणती ऐकू येईल ते ठरतं.

१३६० मध्ये पेद्रोने जाहीर केलं की इनेशशी आपलं गुपचूप लग्न झालं होतं. मग तिच्यासाठी थडगं घडवून घेतलं, कोइंब्रातून तिचं शव मिरवणुकीने आल्कोबासाला आणलं, आणि स्वतःसाठीही जोडीचं थडगं करवून घेतलं. १३६७ मध्ये तोही त्यात विसावला.

मेलेल्या इनेशला सिंहासनावर बसवून मुकुट घातला आणि सरदारांना तिचा हात चुंबायला लावला, हे खरं?

बहुतेक नाही. त्या काळच्या लिखाणात हा प्रसंग सापडत नाही, तो पुढच्या पिढ्यांच्या कवी-नाटककारांनी रंगवला. गाइड मात्र तो सांगितल्याशिवाय राहत नाहीत, कारण पर्यटक तोच ऐकायला आलेले असतात. मिरवणुकीने आणणं खरं, आणि झाकणावरच्या दगडी इनेशच्या डोक्यावर मुकुट आहे हेही खरं. जिवंतपणी राणी न झालेल्या बाईला राजाने राणी म्हणून कोरून घेतलं, ही गोष्ट मला त्या भुताटकीपेक्षा जास्त हलवून जाते.

ही कथा जगभर नेली ती पोर्तुगीज कवी कामोंइशने. १५७२ मध्ये छापलेल्या त्याच्या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात इनेशचा मृत्यू येतो. हा कवी १५५३ मध्ये गोव्यात आला होता. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. आपल्यापैकी अनेकांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढलेला असतो, हा कोण ते न वाचता. मीही काढला होता.

दोघं पायाकडे पाय करून समोरासमोर का झोपलेत?

लोकप्रिय उत्तर असं की कयामतीच्या दिवशी उठून बसल्यावर दोघांना पहिल्यांदा एकमेकांचे चेहरे दिसावेत. ऐकायला फार गोड आहे.

मुळात ही दोन्ही थडगी चर्चच्या दक्षिणेकडच्या बाहूत शेजारी शेजारी होती, नवरा-बायकोसारखी. अठराव्या शतकात ती राजघराण्याच्या वेगळ्या दालनात हलवली, तिथे ती समोरासमोर आली, आणि हल्लीच्या जागी आली ती १९५६ मध्ये. चर्चचा आराखडा क्रुसासारखा आहे. आडव्या दांड्याच्या दक्षिण टोकाला पेद्रो, उत्तर टोकाला इनेश, आणि मधून पर्यटक आपापल्या बॅगा सांभाळत जातात. तेव्हा ती गोड कथा मूळ मांडणीतून आलेली नाही. मात्र पेद्रोच्या थडग्यावर "जगाच्या अंतापर्यंत" अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत, ते त्याच काळातले. अक्षरं जुन्या वळणाची आहेत, चटकन लागत नाहीत. ती शोधण्यात मुलांची दहा मिनिटं छान जातात.

पेद्रोच्या थडग्यावर नेमकं काय बघायचं?

आधी उशाकडे जा. बहुतेक लोक बाजूने मूर्तीचा फोटो काढतात आणि निघतात. उशाच्या फळीवर एक मोठं चक्र आहे, चक्रात आणखी एक चक्र. चक्राच्या प्रत्येक पाकळीत एकेक छोटा प्रसंग. बाहेरच्या पाकळ्यांत पेद्रो-इनेशचं आयुष्य आहे असं मानतात: दोघं शेजारी बसलेली, दोघं बोलताना, मग मारेकरी, मग सूड. आतलं चक्र नशिबाचं. कुणी वर चढतो, कुणी राजा म्हणून शिखरावर बसतो, कुणी खाली कोसळतो. "कधी गाडीवर नाव, कधी नावेवर गाडी" हे आपण म्हणतो, त्यांनी ते रहाटासारखं फिरतं कोरलंय. माणसं इतकी लहान आहेत की फोनचा कॅमेरा मोठा करून पाहिल्याशिवाय चेहरे उमजत नाहीत. प्रत्येक पाकळीचा अर्थ काय यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तेव्हा गाइड छातीठोकपणे सांगू लागला तर ऐका आणि सोडून द्या.

पायाकडच्या फळीवर राजाचा चांगला मृत्यू आहे, म्हणजे अंथरुणावर, धर्मविधीसह, माणसांत आलेला. आयुष्यभर सूडाने धुमसलेल्या माणसाने स्वतःसाठी हे मागून घेतलं.

लांबीच्या दोन्ही बाजूंना संत बार्थोलोम्यूचं चरित्र. हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, ज्याची जिवंतपणी कातडी सोलली असं परंपरा सांगते. इथे आपल्यासाठी एक गंमत आहे. बार्थोलोम्यू "इंडिया"त धर्मप्रसाराला गेला होता असं चर्चचे प्राचीन इतिहासकार लिहितात, आणि ते इंडिया म्हणजे आपल्या कल्याणच्या बाजूचा कोकण असावा असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे. ठाम पुरावा नाही, वाद आहेत. पण कल्याण लोकलमध्ये लटकून ज्याची तरुणपणीची वर्षं गेली, अशा आमच्या ह्यांना त्या दगडापुढे हे सांगितलं तेव्हा ते पुन्हा एक फेरी मारून आले.

वर झाकणावर राजा दाढीवाला, मुकुट घातलेला, हात तलवारीवर. सहा देवदूत त्याला हलकेच सावरून उचलू पाहताहेत. पायाशी तो कुत्रा. खाली पेटीचा भार वाहणारे सिंह.

आणि इनेशच्या?

हिच्या थडग्यालाही सहा देवदूत आहेत. मुकुट आहे, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या इतक्या मऊ की दगड विसरायला होतं, आणि हातात हातमोजे. खाली मात्र सिंह नाहीत. माणसाची तोंडं आणि जनावरांची अंगं असलेले विचित्र प्राणी तिची पेटी पाठीवर वाहताहेत. ते तिचे मारेकरी आहेत, कायमचं ओझं वाहायला जुंपलेले, असं लोक सांगतात. मूर्तिकाराच्या मनात तेच होतं का हे कोण सांगणार, पण त्या तोंडांवरचा वैताग बघितला की लोकांना तसं का सुचलं ते कळतं. त्यासाठी खाली वाकावं लागतं. गुडघे दुखत असतील तर फोन खाली धरून फोटो काढा.

लांबीच्या बाजूंना येशूचं बालपण आणि अखेरचे दिवस. उशाकडे क्रूसावरचा प्रसंग. पायाकडे, माझ्या मते या चर्चमधली सगळ्यात जबरदस्त फळी: अंतिम न्याय. वर न्यायासनावर ख्रिस्त. खाली मेलेली माणसं आपापल्या थडग्यांची झाकणं ढकलून बाहेर पडताहेत, एकाने झाकण नुसतं डोक्याने उचललंय, दुसरा अर्धा बाहेर आलाय. पुण्यवान वर चढताहेत आणि पापी खाली एका अक्राळविक्राळ जबड्यात पडताहेत. आपल्या यमपटांची, कुंभीपाकाच्या चित्रांची आठवण येते. फरक इतकाच की हे सगळं एका खून झालेल्या बाईच्या पायाशी कोरलंय, आणि राजाने ते मुद्दाम कोरवून घेतलंय. काळजं उपटूनही त्याचा न्याय पुरा झाला नव्हता बहुधा.

मूर्तींची नाकं, हात तुटलेत ते का?

नेपोलियनच्या फौजा. १८१० च्या सुमाराला फ्रेंच सैन्य पोर्तुगालमध्ये शिरलं, आणि परत फिरताना त्यांनी मठ लुटला. थडग्यांत सोनंनाणं असेल म्हणून ती फोडली. इनेशच्या पेटीला पडलेलं भगदाड पुढे बुजवलेलं ओळखू येतं.

चर्च एवढं भकास साधं आणि थडगी एवढी नक्षीदार, असं कसं?

चांगला प्रश्न. आत शिरल्या शिरल्या लोक विचारतात, "इथे काहीच नाही?" सिस्टर्शियन पंथाचा कटाक्षच तो होता. क्लेरव्होच्या संत बर्नार्डने मठातल्या नक्षीकामावर, दगडी राक्षसांवर सडकून टीका केली होती. हे लक्ष विचलित करणारं, आणि भुकेल्यांच्या तोंडचं काढून भिंतींना घालणं, असं त्याचं म्हणणं. आल्कोबासाचा आराखडा त्याच्याच क्लेरव्हो मठावरून घेतलेला. त्यामुळे आत आहे ती फक्त उंची: सुमारे १०६ मीटर लांब, २० मीटर उंच, आणि त्यामानाने अगदी अरुंद मधलं दालन. खांब, कमानी, वरून येणारा पांढरा उजेड, बस्स.

एक गोष्ट निरखून पाहा. मधल्या दालनातल्या अर्धखांबांपैकी कित्येक जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत, माणसाच्या डोक्यावरच कापल्यासारखे थांबतात. खाली संन्याशांच्या प्रार्थनेच्या लाकडी बैठका मांडायला जागा हवी होती म्हणून. बैठका गेल्या, अधांतरी खांब राहिले.

बाहेरून मात्र फसगत होते. दर्शनी भाग बराचसा अठराव्या शतकातला, बरोक थाटाचा, मनोऱ्यांसकट. जुनं फक्त प्रवेशद्वार आणि त्यावरची गोल खिडकी. जुना गोवा पाहिलेल्यांना बाहेरून ओळखीचं वाटतं आणि आत गेल्यावर सगळंच परकं. गोव्यातली मोठी चर्च सोळाव्या-सतराव्या शतकातली, सोनेरी वेद्यांची. हे त्यांच्यापेक्षा तीन-चारशे वर्षांनी जुनं.

मठ उभारणारा पहिला राजा इथेच आहे का? आणि वास्को द गामा?

दोघेही नाहीत. आफोन्सो हेन्रीकेश कोइंब्राच्या सांता क्रूझ मठात आहे. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, तिथेच पुरला, पुढे अस्थी पोर्तुगालला नेल्या, आणि आता तो लिस्बनच्या जेरोनिमुश मठात आहे. आल्कोबासात आफोन्सो दुसरा आणि तिसरा हे राजे आहेत, त्यांच्या राण्या उर्राका आणि बियात्रीश, आणि काही राजपुत्र. दक्षिण बाहूकडे बघा. त्यांची थडगी साधी आहेत, घाई असेल तर नुसती नजर टाका.

चर्चशिवाय मठात काय?

स्वयंपाकघर. बाकी सगळं गाळलंत तरी हे गाळू नका. अठराव्या शतकात नव्याने केलेलं, पूर्ण पांढऱ्या फरशांनी मढवलेलं, आणि मधोमध लोखंडी खांबांवर उभं असलेलं सुमारे १८ मीटर उंचीचं धुराडं. खाली उभं राहून वर पाहिलं की आकाशाचा चौकोन दिसतो. आल्कोआ नदीचा एक पाट थेट स्वयंपाकघरातून नेलाय, वाहत्या पाण्याच्या दगडी कुंडासकट. मासे थेट पाण्यातून इथे येत असं सांगतात. अंगणातल्या आडावरून पाणी भरणाऱ्या पिढीतल्या माझ्या आईने हे पाहायला हवं होतं.

शेजारचं भोजनगृह मला जास्त आवडतं. भिंतीच्या जाडीतच एक जिना कोरलेला आहे, कमानींमागून वर जाणारा, आणि वर एक सज्जा. जेवताना बोलायचं नाही असा नियम होता. एक जण त्या सज्ज्यात उभा राहून धर्मग्रंथ वाचे, बाकीचे मुकाट जेवत. पंगतीत श्लोक म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे फार परकं वाटू नये, फक्त आपल्याकडे गप्प कुणी बसत नाही. इथल्या एका अरुंद दाराबद्दल अशी दंतकथा आहे की त्यातून ज्या संन्याशाचं पोट जाईना त्याला उपास घडे.

मधला ओवऱ्यांचा चौक राजा दिनिशच्या काळातला, म्हणजे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा, "मौनाचा चौक". वरचा मजला नंतरचा. राजांच्या दालनात निळ्या-पांढऱ्या फरशांवर मठाच्या स्थापनेची कथा चितारलेली आहे, वर राजांचे पुतळे, आणि एक भलीमोठी धातूची कढई. १३८५ च्या आल्जुबारोटाच्या लढाईत कास्तीलच्या सैन्याकडून हिसकावलेली म्हणतात. आपल्या गणपतीच्या महाप्रसादाला सहज चालली असती.

तिकीट, वेळ, बंदचे दिवस?

चर्चला तिकीट नाही आणि चौक, स्वयंपाकघर, भोजनगृह यांना आहे, अशी विभागणी मला दोन्ही वेळा दिसली. दर बदलत राहतात, म्हणून आकडा लिहीत नाही, मठाच्या अधिकृत संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघा. उघडतं सकाळी नऊला, उन्हाळ्यात संध्याकाळी थोडं उशिरापर्यंत. १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे, २० ऑगस्ट आणि २५ डिसेंबर बंद. २० ऑगस्ट हा संत बर्नार्डचा दिवस, आणि भर पर्यटनाच्या मोसमात येतो. ओळखीतलं एक कुटुंब नेमकं त्याच दिवशी पोहोचलं. ज्या टूरवाल्यांनी कार्यक्रम आखून दिला होता त्यांनी फोनवर "सर, बाहेरून पण छान दिसतं" एवढंच सांगितलं.

प्रार्थना चालू असेल तर थडग्यांजवळ फिरू देत नाहीत. रविवारची सकाळ टाळा.

लिस्बनहून कसं जायचं?

बसने. लिस्बनच्या सेत रियुश स्थानकावरून, दोन तासांच्या आसपास. थेट गाड्या दिवसभरात मोजक्याच असतात, परतीची वेळ आधी बघून मगच आत शिरा. रेल्वेचं जवळचं स्टेशन वालादो, ते आल्कोबासा गावाबाहेर काही किलोमीटरवर आहे, तिथून पुढे टॅक्सी शोधावी लागते, त्या वाटेला जाऊ नका. चार जण असाल तर गाडी भाड्याने घेणं सोयीचं, मग त्याच दिवशी समुद्रकाठचं नाझारे आणि बाताल्याचा मठ दोन्ही होतात. गाडी उजव्या बाजूने चालवायची, हे चौकात वळताना दर वेळी स्वतःला मोठ्याने सांगा.

शाकाहारी माणसाचं काय? आणि भाषेचं?

मठासमोरच मिठाईची दुकानं आहेत. मठांमधून आलेल्या या मिठाया म्हणजे अंड्याचा पिवळा बलक, साखर आणि बदाम. पांढरा भाग कपड्यांना खळ करायला जायचा, म्हणून उरलेल्या बलकाचं काय करायचं तर मिठाई, असं सांगतात. म्हणजे अंडं न खाणाऱ्यांना इथे जवळजवळ काहीच नाही. त्यांनी सरळ सफरचंदं घ्यावीत, आल्कोबासाची सफरचंदं नावाजलेली आहेत. खाणाऱ्यांसाठी मातीच्या भांड्यात शिजवलेली कोंबडी हा गावचा मानाचा पदार्थ. नोव्हेंबरमध्ये मठातच मिठायांची जत्रा भरते.

भाषेची काळजी नको, इंग्रजी चालतं. आणि थोडी पोर्तुगीज तुम्हाला येतेच: पाव, बटाटा, चावी, पगार हे सगळे तिथूनच आलेले. चर्चच्या पाटीवरचा शब्द वाचला की गोव्याच्या माणसाला "इगर्जी" ऐकू येतं.

फोटो, कपडे, लहान मुलं?

फोटो चालतात, फ्लॅश नको. खांदे-गुडघे झाकलेले बरे, नियम म्हणून नाही, आत उन्हाळ्यातही गारठा असतो म्हणून. थडग्यांना हात लावू नका. मुलांना "थडग्यावर किती प्राणी सापडतात" मोजायला लावा.

बाताल्याचा मठही बघावा का? दोन्हींत एकच करायचं तर?

एकच करायचं तर आल्कोबासा. पण दोन्हींत अंतर वीसेक किलोमीटर आहे, आणि खरी मजा क्रमाने पाहण्यात आहे: आधी आल्कोबासा, मग बाताल्या. कारण आधी बाप, मग मुलगा.

पेद्रोला तेरेझा लोरेन्सो नावाच्या बाईपासून एक अनौरस मुलगा होता, जुआंव. इनेशचा नव्हे, हे लक्षात ठेवा. फर्नांदो राजा मुलगा मागे न ठेवता वारला आणि कास्तीलने गादीवर हक्क सांगितला, तेव्हा हाच जुआंव उभा राहिला. १४ ऑगस्ट १३८५ ला आल्जुबारोटाच्या मैदानात त्याच्या लहानशा सैन्याने कास्तीलच्या मोठ्या फौजेचा धुव्वा उडवला. विजयाचा नवस म्हणून बाताल्याचा डॉमिनिकन मठ उभा राहिला. बाताल्या या नावाचा अर्थच लढाई.

आल्कोबासाच्या साधेपणानंतर बाताल्या म्हणजे दगडाची लेस. आत शिरताच उजवीकडे संस्थापकाचं दालन, अष्टकोनी ताऱ्यासारख्या छताचं. मधोमध जुआंव आणि त्याची इंग्लिश राणी, लँकेस्टरची फिलिपा, एकाच जोडथडग्यावर. दक्षिणेच्या भिंतीत त्यांचे मुलगे ओळीने, त्यांतला एक हेन्री, ज्याने आफ्रिकेच्या किनाऱ्याने गलबतं धाडायला सुरुवात केली. त्याच वाटेचं पुढचं टोक १५१० मध्ये गोव्यात आणि नंतर वसईत येऊन पोहोचलं. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये जमिनीवरच्या पोर्तुगीज थडग्यांवरून चालताना हा माणूस आठवत नाही, इथे उभं राहिल्यावर वसई आठवते.

मागच्या बाजूला अपुरी दालनं आहेत: जुआंवच्या मुलाने, दुआर्ते राजाने, सुरू केलेली, कधीच पुरी न झालेली. मधल्या चौकाला छप्पर नाही. दुआर्ते आणि राणी लिओनोर त्याच्या कडेच्या दालनात झोपलेत, पाऊस आला तर चौकात पाणी साचतं.

जोडथडग्याबद्दल एक सूचना. ते उंच आहे. आल्कोबासात चेहरे सहज दिसतात, इथे खालून फक्त बाजूची नक्षी आणि अंगरख्यांच्या कडा दिसतात. राजा-राणी वर काय करताहेत ते कळत नाही. आम्ही पाच मिनिटं टाचा उंचावून पाहिलं आणि सोडून दिलं. मग आमच्या ह्यांनी पुतण्याला खांद्यावर घेतलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मी विचारलं, अरे काय दिसतंय? वरून आवाज आला, "काकू, त्याने तिचा हात धरलाय."